सातवीचे गणित, एक सत्र, ८४ तासिका : नियोजन कसे बसवाल?

लसावि (धागाकर्ता)

सत्र १८ आठवड्यांचे, आठवड्याला ६ तासिका, तासिका ४० मिनिटांची, पट ४२. कागदावर १०८ तासिका दिसतात. त्यातून सुट्ट्यांच्या ८, सहामाहीच्या ६, दोन घटक चाचण्या व त्यांचे पेपर समजावण्याच्या मिळून ४ आणि शाळेच्या इतर कार्यक्रमांत जाणाऱ्या ६ वजा केल्या की उरतात ८४.

घटक सहा : पूर्णांक संख्या, अपूर्णांक व दशांश, बैजिक राशी, एकचल समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण-शेकडेवारी, आणि भूमिती (कोन, त्रिकोणाचे गुणधर्म, रचना).

पुस्तकाची पाने मोजून तासिका वाटल्या तर नियोजन दुसऱ्याच महिन्यात कोलमडते, कारण पाने आणि अवघडपणा यांचा संबंध नसतो. ऋण संख्यांची वजाबाकी पुस्तकात दीड-दोन पानांत संपते, वर्गात तिला चार तासिका लागतात. म्हणून तीन गोष्टींवर चर्चा हवी आहे : घटकांचा क्रम, प्रत्येकाला किती तासिका, आणि मागे पडल्यावर काय सोडायचे. टाचणाचे नमुने नकोत, ते सगळ्यांकडे असतात.

पाऊणकी

आधी ८४ मधून ८ तासिका बाजूला काढा. या भरपाईच्या. शिवाय सुरुवातीच्या ३ तासिका निदान चाचणीला द्या : एक चाचणीची, दोन तिच्यातून निघालेल्या कामाच्या. राहिल्या ७३. त्या अशा :

पूर्णांक ११, अपूर्णांक-दशांश १५, बैजिक राशी १०, समीकरणे ११, गुणोत्तर-शेकडेवारी १३, भूमिती १३.

अपूर्णांकांना सगळ्यांत जास्त का, तर पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शेकडेवारी म्हणजे छेद १०० असलेला अपूर्णांक, गुणोत्तराला अपूर्णांक लागतो, समीकरणाचे उत्तर −३/२ आले की तिथेही तोच. अपूर्णांकात २ तासिका वाचवल्या तर पुढे ५ तासिका खर्च होतात आणि त्या कुठल्या खात्यातून गेल्या ते कळतही नाही.

भरपाईच्या ८ तासिका सत्राच्या शेवटी ठेवाव्यात, म्हणजे शेवटी उजळणीला मोकळीक मिळते.

शून्यजोडी

पाऊणकी, वाटप पटले. भरपाई शेवटी ठेवणे मात्र पटत नाही. शेवटी ठेवलेल्या तासिका भरपाईला उरतच नाहीत, आधीचे घटक लांबून त्या गिळून टाकतात. आणि पूर्णांकातली चूक चौथ्या महिन्यात दुरुस्त करायची म्हटले तर तोवर ती बैजिक राशीत, समीकरणात पक्की मुरलेली असते. प्रत्येक घटकानंतर एक याप्रमाणे ६ तासिका वेळापत्रकात तारखेसह लिहून टाका, दोन तेवढ्या मोकळ्या ठेवा. त्या तारखेला नवे काही शिकवायचे नाही. घटकात सगळ्यांचे छान झाले असेल तर अवघड शाब्दिक उदाहरणे घ्या, पण पुढचा धडा उघडू नका.

पाऊणकी

मान्य. तारखेसह लिहिणे महत्त्वाचे. तारीख नसलेली तासिका कोणीही मागून नेते.

छेदबिंदू

क्रमाबद्दल. कोणाला कोण लागतो हे आधी मांडू :

बैजिक राशींना पूर्णांक लागतात (३अ − ७अ). समीकरणांना राशी आणि अपूर्णांक दोन्ही. गुणोत्तराला अपूर्णांक, आणि समीकरण येत असेल तर काम निम्मे. कोनांना यातले काहीच लागत नाही, पण समीकरणांना कोनांचा फार उपयोग होतो : त्रिकोणाचे कोन क्ष, २क्ष, ३क्ष असतील तर ते किती? मुलांना समीकरण मांडण्याचे खरे कारण मिळते आणि ३०, ६०, ९० हे उत्तर कोनमापकाने पडताळताही येते.

म्हणून भूमितीचे दोन तुकडे करा. पूर्णांक ११, अपूर्णांक १५, मग कोन व त्रिकोणाचे गुणधर्म ७, बैजिक राशी १०, समीकरणे ११, गुणोत्तर-शेकडेवारी १३, आणि शेवटी रचना ६.

रचना शेवटी ठेवण्याचे कारण वेगळे आहे. सत्रातल्या शेवटच्या घटकाला नंतर पुन्हा भेटायला वेळच मिळत नाही. तेव्हा शेवटी असा घटक हवा ज्याच्यावर याच सत्रात दुसरे काही उभे राहत नाही. शेकडेवारी शेवटी टाकणे ही नियोजनातली सर्वांत महागडी चूक आहे. ती घाईत उरकली जाते आणि मुलांच्या हाती फक्त सूत्र राहते.

सजातीय

भूमिती आठवड्याला एक तासिका अशी सत्रभर पसरली तर? मुलांना बदलही मिळतो.

छेदबिंदू

गुणधर्मांना चालेल, रचनांना नाही. कंपास पेट्या काढणे, पेन्सिलींना टोक करणे यातच ७-८ मिनिटे जातात. एका तासिकेत जेमतेम दोन रचना होतात आणि पुढच्या आठवड्यापर्यंत हात विसरतो. रचनांना लागून दोन-दोन तासिका घ्या.

आणि रचना का चुकतात याची कारणे बहुतेक वेळा गणिताची नसतात. कंपासचा स्क्रू सैल असला की कंस काढताना त्रिज्या बदलते. पेन्सिलीचे टोक आणि सुईचे टोक कंपास मिटल्यावर एका पातळीत आले पाहिजे, पेन्सिल लांब राहिली तर कंपास कलतो आणि सुई घसरते. कोनमापकाची शून्य रेषा म्हणजे प्लास्टिकची खालची कड नव्हे, ती कडेच्या थोडी वर असते. कड टेकवून मोजले की २-३ अंशांची चूक येते. कोनाची भुजा आखूड असेल तर ती मोजपट्टीने वाढवून घ्यायची, अंदाजाने वाचायचे नाही. दोन मापश्रेणींपैकी कोणती वाचायची हे ठरवण्याआधी कोन लघु की विशाल हे तोंडाने म्हणायला लावा, ६० च्या जागी १२० लिहिणे तिथल्या तिथे थांबते.

पहिल्याच रचना-तासिकेत बाजू ३, ४ आणि ८ सेमी देऊन त्रिकोण काढायला सांगा. कंस एकमेकांना भेटतच नाहीत. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी हे मग फळ्यावर वेगळे शिकवावे लागत नाही.

लसावि

क्रम पक्का करतो. आता निदान चाचणी. पाचवी-सहावीचे सगळे विचारत बसलो तर चाचणीच दोन तासिकांची होईल.

हातचा

१२ प्रश्न, २५ मिनिटे, पुरे होतात. सातवीच्या पहिल्या सत्राला जे लागणार आहे तेवढेच विचारायचे, बाकी सोडून द्यायचे. आणि प्रश्नातल्या संख्या अशा निवडायच्या की चुकीच्या पद्धतीने वेगळे उत्तर येईल. नुसते बरोबर-चूक कळून उपयोग नाही, चूक कोणत्या विचारातून आली ते उत्तरावरून वाचता आले पाहिजे.

उदाहरणार्थ दशांशांची तुलना. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी कोणती? जो ०.३५ म्हणतो तो दशांश चिन्हापुढे ३५ आणि ४ अशा पूर्ण संख्या वाचतो आहे. पण एवढ्यावर थांबू नका, ०.६२ आणि ०.४ हीसुद्धा जोडी द्या. इथे काही मुले ०.४ मोठी म्हणतात. त्यांचा समज उलटा : शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जास्त अंकांची संख्या नेहमी लहान. गंमत अशी की ही मुले पहिली जोडी बरोबर सोडवतात. एकाच जोडीवर चाचणी घेतली तर दुसरा गट सुटून जातो आणि थेट शेकडेवारीत सापडतो.

अपूर्णांकाची बेरीज : १/२ + १/३. उत्तर २/५ आले तर अंशात अंश, छेदात छेद मिळवला. त्या मुलांना लगेच १/४ + १/४ त्यांच्याच रीतीने करायला सांगा. २/८, म्हणजे पुन्हा १/४. एका पावात दुसरा पाव मिळवूनही वाढ शून्य. रीत चुकल्याचे मुलाला स्वतःला दिसते.

बरोबर चिन्ह : ८ + ४ = __ + ५. इथे १२ लिहिणारी मुले ‘=’ चा अर्थ ‘उत्तर इथे लिहा’ असा घेतात. त्यांना समीकरणाचे ११ तास डोक्यावरून जातील. काही जण १७ लिहितात, समोर दिसेल ते सगळे मिळवून.

निकालाचे काय करायचे तेही आधी ठरवा. एखादा प्रश्न निम्म्याहून अधिक वर्गाचा चुकला तर राखलेल्या दोन तासिकांत सगळ्यांना पुन्हा शिकवा. पाव ते अर्धा वर्ग चुकला तर दोन आठवडे रोजच्या सुरुवातीच्या प्रश्नांत घ्या. त्याहून कमी असतील तर त्या ५-७ मुलांना सरावाच्या वेळात जवळ बसवून.

शून्यजोडी

+१. यात एक भर, संख्यावाचनाची. मराठीत एकक आधी येतो : त्रेपन्न म्हणजे तीन आणि पन्नास. ऐकून लिहिताना ३५ लिहिणारी मुले सातवीतही सापडतात. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणऐंशी यांत तर पुढच्या दशकातून एक वजा करायचा असतो. चाचणीतले दोन प्रश्न तोंडी सांगून लिहायला लावा. गुणाकार चुकला असे वाटते तिथे कधी कधी संख्याच चुकीची उतरवलेली असते.

लसावि

रोजच्या सुरुवातीचे प्रश्न म्हणजे नेमके किती आणि कोणते? ४० मिनिटांत बसवायचे कसे?

हातचा

३ मिनिटे स्थिरस्थावर, ६ मिनिटे सुरुवातीचे प्रश्न, १२ मिनिटे नवे, १५ मिनिटे सराव, ४ मिनिटे शेवटचा प्रश्न. झाले ४०.

सुरुवातीचे प्रश्न चारच : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक तीन-चार आठवड्यांपूर्वीचा, आणि चौथा पुढच्या आठवड्यात जे लागणार आहे त्यावरचा. हा चौथा सगळ्यांत कामाचा. समीकरणे सोमवारी सुरू होणार असतील तर त्याआधीच्या आठवड्यात रोज एक विरुद्ध संख्येचा किंवा परस्परव्यस्ताचा प्रश्न हवा.

शिकलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरते, पुढे तो वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये प्रयोगांतून दाखवले. अंतर ठेवून केलेली छोटी उजळणी त्यावरचा उपाय. सत्राअखेर सलग उजळणी करून तेच काम होत नाही.

गृहपाठही याच धर्तीवर. नव्या घटकाची १२ उदाहरणे देण्याऐवजी ४ नवी, ४ गेल्या आठवड्याची, ४ जुनी, आणि ती एकमेकांत मिसळलेली. स्वाध्यायाच्या डोक्यावर ‘शेकडेवारी’ लिहिलेले असले की कोणती रीत वापरायची हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही. परीक्षेत तोच घ्यायचा असतो.

सावध राहण्याची एक गोष्ट : मिसळलेल्या सरावात सुरुवातीला गुण घसरतात. पालक विचारतात, मुलेही नाराज होतात. ती घसरण पाहून पुन्हा एकाच प्रकारच्या उदाहरणांकडे वळू नका. निदान पाच-सहा आठवडे तरी थांबा.

सजातीय

शेवटचा प्रश्न रोज तपासायचा तर ४२ वह्या?

हातचा

वह्या नव्हेत. पाव कागदाची चिठ्ठी, एकच उदाहरण. तपासायचीही नाही, फक्त तीन ढीग करायचे : आले, थोडक्यात चुकले, काहीच नाही. चिठ्ठीला १० सेकंद धरले तर ४२ चिठ्ठ्या ७ मिनिटांत होतात. दुसऱ्या दिवशीच्या तासिकेत काय बदलायचे ते तिसऱ्या ढिगाच्या उंचीवरून कळते.

वह्यांचा हिशोब वेगळा मांडा. एका वहीला ३ मिनिटे म्हटली तरी ४२ वह्यांना १२६ मिनिटे, म्हणजे तीन तासिकांहून जास्त. दर आठवड्याला सगळ्या तपासण्याचा संकल्प टिकत नाही आणि मग नुसत्या बरोबरच्या खुणा होत जातात. दर आठवड्याला १४ वह्या, पण पायऱ्या वाचून. तीन आठवड्यांत सगळ्या होतात.

पाऊणकी

आता घटकवार, कुठे अडते ते.

पूर्णांक. ‘ऋण ऋण धन’ हे घोषवाक्य गुणाकाराच्या आधी वर्गात आलेच नाही पाहिजे. ते आले की −३ − ५ चे उत्तर +८ होते. बेरीज-वजाबाकीला ६ तासिका, मग एक तासिका नुसता मिश्र सराव, त्यानंतर गुणाकार-भागाकाराला ३, आणि शेवटची एक पुन्हा सगळे मिसळून. ही शेवटची गाळू नका. गुणाकाराचा नियम शिकल्यावर वजाबाकी बिघडते आणि ती बिघडल्याचे याच तासिकेत समजते.

ऋण हा शब्दच मराठीत कर्जाचा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण याच शब्दांत या संख्यांचे नियम मांडले. कर्ज माफ झाले तर आपली स्थिती सुधारते, म्हणून ऋण वजा करणे म्हणजे मिळवणे. वजाबाकीपुरते हे उत्तम चालते. गुणाकाराला ओढूनताणून लावू नका, कर्ज गुणिले कर्ज याला काही अर्थ नाही. तिथे आकृतिबंध घ्या : ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. दर वेळी २ ने वाढ. मग (−१) × (−२) किती असावे?

शून्यजोडी

दोन रंगांच्या चकत्या घ्या, मुलांच्या प्रत्येक जोडीला २० पुरतात. पिवळी +१, लाल −१, दोन्ही मिळून शून्य. −२ − (−५) साठी दोन लाल मांडल्या, काढायच्या आहेत पाच. तीन शून्यजोड्या आणून ठेवल्या की लाल पाच होतात, त्या उचलल्या, उरल्या तीन पिवळ्या. उत्तर +३. चकत्या जास्तीत जास्त दोन तासिका. तिसऱ्या तासिकेपासून संख्यारेषा, नाहीतर −४७ + १९ ला मुले चकत्या शोधतात.

आणि (−३)² व −३² एकाच दिवशी शेजारी-शेजारी फळ्यावर. ९ आणि −९. घात फक्त ३ ला आहे की कंसाला, हे तोंडाने वाचायला लावा.

पाऊणकी

अपूर्णांकांत पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द वापरून घ्या. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी, २ − १/४. साडेतीन म्हणजे ३ + १/२. बेरीज-वजाबाकी शब्दातच दडलेली आहे. पावणेदोन आणि सव्वा मिळून किती हे तोंडी सोडवणारा मुलगा १ ३/४ + १ १/४ लिहिल्यावर अडतो, म्हणजे त्याचे अडलेले लेखनात आहे, समजुतीत नाही.

बैजिक राशींत अक्षराला वस्तू बनवू नका. ‘प म्हणजे पेन्सिल, ३प म्हणजे तीन पेन्सिली’ असे सांगितले की ३प + २प सोपे जाते खरे, पण पुढे नुकसान होते. तपासायला हा प्रश्न द्या : विद्यार्थी शिक्षकांच्या ६ पट आहेत, विद्यार्थी व, शिक्षक श, समीकरण लिहा. पुष्कळ मुले ६व = श लिहितात, ‘सहा विद्यार्थी, एक शिक्षक’ असे वस्तू मोजल्यासारखे. श = १ असताना व किती, श = २ असताना किती, असा तीन ओळींचा तक्ता करून घेतला की व = ६श दिसते. अक्षर संख्येसाठी असते, वस्तूसाठी नव्हे.

छेदबिंदू

समीकरणांबद्दल माझा ठाम आग्रह : ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पहिल्या ६ तासिका उच्चारू नका. त्यातूनच ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९ येते. दोन्ही बाजूंना तीच क्रिया, प्रत्येक ओळीत लिहून. वाढीव ओळींचा कंटाळा मुलांना स्वतःला आला की मग संक्षेप द्या.

तराजूचे चित्र पहिल्या दोन तासिका उत्तम. पण क्ष + ५ = २ आले की तराजू संपतो, ऋण वजन पारड्यात ठेवता येत नाही. ते स्पष्ट सांगून पुढे जा.

उदाहरणांच्या निवडीत चूक अशी होते की सगळी उत्तरे लहान धन पूर्णांक येतात. मग मुले अंदाजाने सोडवतात आणि रीत शिकण्याची गरजच पडत नाही. तिसऱ्या तासिकेतच ४क्ष + ७ = १ द्या, उत्तर −३/२. मग ३क्ष + २ = क्ष + १० सारखे, चल दोन्हीकडे असलेले. पडताळा लिहिणे सक्तीचे, त्याला अर्धा गुण ठेवा.

सजातीय

गुणोत्तरात बेरजेचा विचार हाच मुख्य शत्रू. ४ : ६ = १० : ? याचे उत्तर १२ आले तर मुलाने दोन्हीकडे ६ मिळवले. बरोबर उत्तर १५. इथे ४ : ६ = ८ : ? देऊ नका, दुप्पट सगळ्यांना दिसते आणि चूक झाकली जाते.

शेकडेवारीत प्रत्येक उदाहरणाला ‘कशाचे?’ हा प्रश्न. १०० वर २० टक्के वाढ, मग २० टक्के घट : १२०, मग ९६. उलट उदाहरणांना पूर्ण दोन तासिका राखा. २० टक्के वाढीनंतर ५४० झाले, मूळ किती? ५४० मधून १०८ काढून ४३२ सांगणारा मुलगा २० टक्के चुकीच्या संख्येचे घेतो. १.२क्ष = ५४०, क्ष = ४५०. समीकरणे आधी झाली आहेत त्याचा फायदा इथे मिळतो.

लसावि

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या : मागे पडल्यावर काय सोडायचे, आणि सहामाहीचे गुण.

पाऊणकी

सत्र सुरू होण्याआधीच प्रत्येक घटकात गाभा आणि वाढीव अशा खुणा करून ठेवा. घाईत ठरवले तर नेहमी चुकीचे कापले जाते, बहुधा शाब्दिक उदाहरणे. कापायचे असेल तर आकड्यांचा पसारा कापा : चार पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची एकत्र पदावली, तीन अंकी छेदांचे लसावि, सहा पदांच्या राशींची वजाबाकी. संकल्पना त्यात नसते, वेळ मात्र भरपूर जातो. दोन तासिका मागे असाल तर मोकळ्या दोन वापरा. चार मागे असाल तर वाढीव भाग सोडा. वेग वाढवणे हा पर्याय धरूच नका.

हातचा

संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण याचा तक्ता, तासिकांच्या प्रमाणात करा. ४० गुण भागिले ७३ तासिका. पूर्णांक ६, अपूर्णांक ८, राशी ५, समीकरणे ६, गुणोत्तर-शेकडेवारी ७, भूमिती ७. बेरीज ३९ येते. उरलेला एक गुण राशींना, कारण त्यांचे गणित ५.४८ येते, सर्वांत मोठा अपूर्णांक तिथेच सुटला आहे.

पेपर काढला की स्वतः पायऱ्यांसह सोडवून घड्याळ लावा. ९० मिनिटांचा पेपर शिक्षकाला ३० मिनिटांत सुटला पाहिजे. ४० लागली तर एक-दोन प्रश्न कमी करा. निदान चाचणीतले दोन प्रश्न, संख्या बदलून, सहामाहीत पुन्हा ठेवा.

सजातीय

आणि रचनेच्या प्रश्नाचे गुण आधी तोडून लिहा : कच्ची आकृती, माप, कंस दिसणे, नावे देणे. कंस खोडून टाकणारी मुले असतात, कंस ठेवायचे हे पेपरवरच छापा.

लसावि

छापतो. वेळापत्रकात भरपाईच्या सहा तासिका तारखेसह भरल्या, पहिली पूर्णांकांनंतर, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस येते.